नवरीची साडी, विहिणीच्या वयात

लग्न ठरलं तेव्हा मला शेहेचाळिसावं लागलं होतं आणि लेकीला एकविसावं. पहिला नवरा २०१४ साली गेला. होणारा नवरा एक्कावन्न वर्षांचा, देवासचा, आणि त्याचं हे पहिलंच लग्न. हे शेवटचं नीट लक्षात ठेवा, कारण पुढे साडीवरून घरात जे काही झालं त्यातलं निम्मं त्याच्यामुळेच झालं.

लग्न नोंदणी पद्धतीनं करायचं हे आम्हा दोघांचं आधीच ठरलेलं होतं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली अर्ज द्यायचा, नोटीस लागते, तीस दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदार घेऊन अधिकाऱ्यासमोर सह्या. अर्ज आम्ही फाल्गुनात दिला. म्हणजे लग्न ऐन उन्हाळ्यात. इंदूरचा उन्हाळा ज्यांनी काढलाय त्यांना सांगायला नको. साडी ठरवताना मुहूर्तापेक्षा ह्या उन्हाचाच विचार मला जास्त करावा लागला.

पहिल्या लग्नात हा प्रश्न आलाच नव्हता. तेव्हाचा शालू आत्या आणि मामी जाऊन घेऊन आल्या, घडी मोडून माझ्या खांद्यावर टाकला, "छान दिसतोय" म्हणाल्या आणि परत घडी घातली. मरून बनारसी. मला तो आवडला होता की नाही, हे आजही मला सांगता येणार नाही. तो अजून ट्रंकेत आहे, मलमलीत गुंडाळलेला. वर्षातून एकदा घडी बदलते, नाहीतर जर घडीवरच तुटते. तोच पुन्हा नेसावा असं एका मावशीनं सुचवलं, "उगाच खर्च कशाला!" मी तिला चहा दिला आणि विषय बदलला.

आता विचारणारे बरेच होते आणि प्रत्येकाला मत होतं. आई म्हणाली, "मोतिया घे. फार तर फिकट गुलाबी. भारदस्त दिसेल." वहिनी म्हणाली, "ताई, काहीतरी सोबर बघू या." लेकीनं फोनवर फोटोंची रांगच लावली. हल्लीच्या सगळ्या नवऱ्या म्हणे आयव्हरी आणि पेस्टलच नेसतात, लाल-बिल आता कोण घालतं! गंमत अशी की आई सत्तरीच्या धाकानं जिथे पोचली होती, तिथेच लेक एकविसाव्या वर्षी फॅशनच्या रस्त्यानं आली होती. दोघींनी मिळून मला दुकानातल्या एकाच कपाटासमोर उभं केलं, आणि दोघींनाही वाटत होतं की आपला विचार दुसरीपेक्षा अगदी वेगळा आहे.

मी आपलं घरचं कपाट उघडून बघितलं. राखाडी, बदामी, फिकट निळा, परत बदामी. कोणी मला सांगितलं नव्हतं की तू आता गडद नेसू नकोस. ऑफिसात जायचं, चारचौघांत वावरायचं, कोणाच्या डोळ्यावर यायला नको, असं करत करत दहा-अकरा वर्षांत कपाट आपोआप असं झालं होतं. त्यात आणखी एक मोतिया ठेवायला मी तयार नव्हते. बाकी काय घ्यायचं ते माहीत नव्हतं, पण गडद घ्यायचं एवढं तिथेच ठरलं.

आईशी ह्यावरून थोडं वाजलं. आमच्या घरात पणजीचा एकच फोटो आहे, आलवणातला. फोटो काळा-पांढरा, पण आलवण तांबडं असायचं हे आजीकडून आम्ही सगळ्यांनी ऐकलंय. केशवपन झालेल्या बाईला तोच रंग. मी आईला म्हटलं, पणजीला विधवा म्हणून जन्मभर लाल नेसवलं, आणि मी विधवा म्हणून मला लाल चालत नाही, हा कुठला न्याय? शिवाय कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं, त्याचा कायदा तर १८५६ चा. इतक्या वर्षांनी निदान रंगाचं भांडण तरी संपायला हवं होतं. आई म्हणाली, "तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही," आणि शेंगा सोलायला बसली.

पण तिच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे इथे सांगायला हवं. लोक बोलतील, ते माझ्या कानावर येईल, मला लागेल, म्हणून माझ्या वाट्याचा रंग ती आधीच थोडा कमी करून ठेवत होती, पाहुण्यांना तिखट सोसणार नाही म्हणून भाजीत आधीच हात आखडावा तसा. वहिनीचंही तेच. ज्यांनी मला त्या वाईट वर्षांत सांभाळलं, नेमकी तीच माणसं सगळ्यांत फिकट साड्या दाखवत होती.

खरेदीला आम्ही शीतलामाता बाजारात गेलो ते रंगपंचमीच्या तोंडावर. राजवाड्याच्या आजूबाजूच्या इमारतींवर गेरीसाठी, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीसाठी, ताडपत्र्या चढायला लागल्या होत्या. दुकानदारांचं अर्धं लक्ष माल आत सरकवण्यात. चपला बाहेर काढून गादीवर बसलो, चहा आला, आणि गल्ल्यावरच्या भैयानं लेकीकडे बघून विचारलं, "बिटिया की शादी है?"

मी म्हटलं, "नहीं, मेरी."

तो पक्का इंदुरी व्यापारी. पापणीसुद्धा हलली नाही. "अरे वा, बधाई हो दीदी," म्हणाला आणि पोऱ्याला वरून गठ्ठे आणायला पाठवलं. पण गठ्ठे आले ते सगळे समधनवाले. म्हणजे विहिणीचे. ह्या दुकानांत वयाचं गणित पक्कं असतं: पंचविशीपर्यंत लहंगा नाहीतर भरजरी, पंचेचाळिशीनंतर बारीक बुट्टी, बदामी नाहीतर शेवाळी, जर असली तरी मळकी करून घेतलेली. ह्या दोन ढिगांच्या मधे काही नाही. मी जांभळ्याकडे बोट दाखवलं की तो म्हणायचा, "वो तो दीदी लड़कीवाला है," आणि शेवाळी पुढे सरकवायचा. त्याचा दोष नाही. माझ्यासारख्या गिऱ्हाईकासाठी त्याच्या फळीवर जागाच केलेली नव्हती.

तिथेच लेकीनं एक बनारसी माझ्या खांद्यावर टाकली, सुंदर होती, आणि दोन मिनिटांत माझी पाठ घामानं भिजली. पंखा चालू असताना. एप्रिलअखेर ही नेसून कलेक्टर कचेरीत किती वेळ बसावं लागेल कोण जाणे! मी ती उतरवली आणि म्हटलं, आता महेश्वर.

मधल्या काळात देवासहून फोन आला. होणाऱ्या सासूबाईंचा. मी त्यांना तेव्हा काकूच म्हणायचे. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज खणखणीत. "हे बघ, कचेरीत तुम्ही काय नेसायचं ते नेसा. संध्याकाळी माझ्या घरी सून पैठणी नेसूनच उंबरा ओलांडेल. माझ्या एकुलत्या मुलाचं लग्न आहे. आणि पैठणी मी देणार, नवऱ्याकडची साडी असते ती."

मी चाचरत म्हटलं, "काकू, माझं हे दुसरं लग्न, जरा साधंच—"

"तुझं असेल दुसरं. माझ्या घरातलं पहिलं आहे."

ह्यावर काय बोलणार! फोन ठेवल्यावर मी बराच वेळ हसत होते. माझ्या माहेरच्यांना माझ्याकडे बघताना मागची सगळी वर्षं दिसत होती. ह्या बाईंना ती दिसतच नव्हती. त्यांना फक्त नवरी दिसत होती. मी कोण, काय झालं, सगळं त्यांना माहीत होतं, पण साडीचा त्याच्याशी काय संबंध असा एकूण सूर.

महेश्वर आमच्यापासून नव्वदेक किलोमीटर. महू, मानपूरचा घाट, धामनोद, की आलंच. इंदूरच्या मराठी घरात महेश्वरी असतेच, एखादी तरी, पण ती आपण तयार घेतो. मागावर जाऊन मी कधी बघितलं नव्हतं.

महेश्वरीची खरी जात गर्भरेशमी: उभा ताणा रेशमाचा, आडवा बाणा बारीक सुताचा. त्यामुळे चमक रेशमाची राहते आणि अंगाला सुताचं वाटतं. आमच्या उन्हाळ्याला ह्याच्याइतकं शहाणपणाचं वस्त्र नाही. किनार दोन्ही बाजूंनी सारखी, उलट-सुलट कशीही नेसा. नक्षी बहुतेक किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडांवरूनच उचललेली: चटई, वीट, नर्मदेची लहर, चमेलीचं फूल. पदरावर पाच पट्टे, तीन रंगीत आणि दोन पांढरे. (पुढे आईला हे पांढरे पट्टे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "असू दे, थोडं तरी आहे!")

मी डोक्यात वांगी रंग आणि हिरवी किनार धरून गेले होते. जुन्या महेश्वरींमध्ये बैंगणी चंद्रकला म्हणून एक प्रकारच असतो, बहुतेक सबंध साधी, काठालाच काय ती नक्षी. एका घरी मागावर बसलेल्या बाईंना तसं सांगितलं. त्या हसल्या आणि मला मागाच्या मागे नेलं. किनार ताण्यातच भरलेली असते. रंग, जर, नक्षी, सगळं एकदा माग लावला की पक्कं. एका ताण्यावर पुष्कळ साड्या निघतात, तेव्हा माझ्या एका साडीसाठी कोणी नवा ताणा चढवणार नाही. बदलता येतो तो बाणा. ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा घेतला की कापड धूपछाँव होतं, हलेल तसा रंग बदलतं.

मागावर ताणा होता जांभळा, किनार जरीची, तिच्यात बारीक हिरवी रेघ. म्हणजे माझ्या मनातल्याच्या बऱ्यापैकी जवळ. मग बाईंनी वेगवेगळ्या बाण्यांच्या कांड्या माझ्यासमोर ठेवल्या. आधीची साडी संपल्यावर मधे सोडायची जागा होती, तिथे त्यांनी धोट्यानं दोन-दोन बोटं विणून दाखवलं. काळा बाणा टाकला तर वांगी अगदी नेमकं आलं, पण मेलेलं. राणी टाकला तर भडक. जांभळ्यावर जांभळा चांगला होता, नुसता चांगला. मग त्यांनी कुंकवाच्या रंगाचा घातला. समोरून गडद जांभळं आणि पदर जरा वळवला की आतून लाल.

मी काही बोलले नाही. लेकच म्हणाली, "आई, हेच." पेस्टलवाली लेक.

बाईंनी विचारलं, "किसके लिए?" मी म्हटलं, "मेरी शादी है." त्या म्हणाल्या, "अच्छा. तो पल्ले में जरी थोड़ी बढ़ा दूँ?" झालं. एवढीच प्रतिक्रिया. साधी साडी चार दिवसांत उतरते, काम असेल तर आठ-दहा दिवस लागतात. नोटिशीचे तीस दिवस मला पहिल्यांदाच उपयोगाचे वाटले.

येताना किल्ल्यावर गेलो. अहिल्याबाईंचा वाडा, गादी, देवघर. इंदूरच्या माणसाला अहिल्याबाई म्हणजे राजवाड्यासमोरच्या बागेतला पुतळा आणि शाळेतली तसबीर. पांढरं वस्त्र, हातात शिवलिंग. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव गेले, तेव्हापासून त्या पांढऱ्यात. आणि ह्याच बाईंनी बाहेरून विणकर आणवून ह्या गावात माग बसवले, असं सगळेच सांगतात. लेकीला ह्यात फार मोठा अर्थ दिसला, ती गाडीत तासभर बोलत होती. मला दिसला तो एवढाच की बाई हिशेबी होत्या, आणि गावाला पोट लागतं हे त्यांना कळत होतं. स्वतःच्या साडीबद्दल त्यांना कोणी काही विचारलं असेल असं वाटत नाही.

तयार साडी घेताना काय बघावं, हे ज्यांना लागेल त्यांच्यासाठी सांगून टाकते. महेश्वरीच्या नावानं पॉवरलूमचा माल इंदुरात ढिगानं मिळतो. हातमागाच्या साडीला काठाच्या अगदी कडेला बारीक टोचल्याच्या खुणा असतात, विणताना कापड ताणून धरतात त्याच्या. वीण किंचित कमीजास्त असते. हँडलूम मार्क बघावा, तो २००६ पासून आहे. रेशमाची शंका आली तर पदराचा एक धागा जाळून बघतात: खरं रेशीम जळलेल्या केसासारखा वास देतं आणि राख बोटात चुरडते, नकली वितळून कडक गोळी होते. दुकानात हे करायला धीटपणा लागतो. माझ्या वहिनीत तो आहे.

ब्लाऊजनं मात्र रडवलं. शिवणाऱ्या बाईंना विचारायला गेले तर त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं: गळा बंद, पाठ बंद, बाही कोपरापर्यंत. "इस उमर में यही अच्छा लगता है." मला बाही कोपरापर्यंतच हवी होती, खरं म्हणजे, दंड आता पहिल्यासारखे नाहीत. पण पाठीला थोडा खोल गळा हवा होता, आणि तो का हवा ह्याचं स्पष्टीकरण मी एका टेलरबाईला देणार नव्हते. अस्तर सुती रुबियाचंच घालायला सांगितलं, नाहीतर सगळ्या महेश्वरीचा हवेशीरपणा फुकट जातो. फॉल लावण्याआधी भिजवून वाळवून घेतला. न भिजवता लावला की पहिल्या धुण्यात आटतो आणि निऱ्या वर चढतात. ब्लाऊज लग्नसराईच्या नावाखाली पुढे पुढे ढकलला गेला, आदल्या संध्याकाळी मिळाला, आणि उजवी बाही घट्ट निघाली. वहिनीनं रात्री बसून उसवली. सोबर म्हणणारी वहिनी. गळा मात्र सांगितला तसाच आला होता.

बाकीच्या गोष्टी साडीच्या मागोमाग आपोआप लागल्या. मामांचा फोन आला, वय ब्याऐंशी, म्हणाले, "अष्टपुत्री मी आणायची असते, आणू का गं?" आम्ही दोघंही इतके हसलो की त्यांना ठसका लागला. ती नको म्हटलं, तुम्हीच या. हिरव्या बांगड्यांचं आईनं काढलं. अकरा वर्षांपूर्वी माझ्या बांगड्या कोणी फोडल्या-बिडल्या नव्हत्या, आमच्या घरात तसलं काही होऊ दिलं नाही, पण हिरव्या आपल्या आपण सुटल्या. आईनं विचारलं, "भरायच्या का?" आणि माझ्या उत्तराआधीच म्हणाली, "भरू या." राजवाड्याजवळच्या कासाराकडे आम्ही दोघी गेलो, आणि तिनं स्वतःलाही भरून घेतल्या. मुंडावळ्यांवर माझं आणि त्याचं दोघांचंही मत पडलं की नकोत. कचेरीत मुंडावळ्या बांधून बसायचं म्हणजे जरा अतीच.

लग्नाच्या दिवसाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मोती तबेल्याला कलेक्टर कचेरी, ऊन, रांग, विशीतली बावरलेली जोडपी, आणि कागदांच्या झेरॉक्स. अर्जावर चिकटवलेल्या फोटोत मी बदामी साडीत आहे, तो आधी काढलेला. लेकीनं साक्षीदार म्हणून सही केली. साडी आठ तास अंगावर होती आणि मला तिची आठवणसुद्धा झाली नाही. माझ्या लेखी ह्याहून मोठं सर्टिफिकेट नाही. उन्हात बाहेर आलो तेव्हा तो म्हणाला, "ही आत जांभळी होती ना?" एवढंच त्याचं साडीबद्दलचं निरीक्षण.

संध्याकाळी देवासला पैठणी. काकूंनी कोणाला तरी येवल्याला पाठवून मागवली होती. पोपटी, जांभळा पदर, पदरावर मोर, नारळी काठ. माझ्या आयुष्यात मी पोपटी रंग अंगाला लावला नव्हता. नेसवायला त्यांच्या दोन पुतण्या. जड, गरम, पदर खांद्यावर ठरेना, पिना लावून लावून ठरवला. उंबऱ्याशी माप ठेवलेलं, आणि काकू हातात मोत्याच्या मुंडावळ्या घेऊन उभ्या. मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं वर छताकडे बघितलं. कचेरीत नको म्हणालो होतो, इथल्याबद्दल काही बोलणं झालं नव्हतं. बांधल्या.

फोटोत मी अगदी कार्टून दिसते आहे असं माझं मत. आईचं मत वेगळं. तिनं दोन्हीतला पोपटीच फोटो मोठा करून घेतला आणि दिवाणखान्यात लावला.

महेश्वरी तेव्हापासून पुष्कळदा नेसून झाली आहे: ऑफिसातला एक निरोप समारंभ, एक मुंज, एकदा नुसतीच सराफ्यात खायला जाताना. पहिल्यांदा ड्रायक्लीन केली, आता घरी थंड पाण्यात धुते. रंग गेला नाही. पैठणी मात्र त्यानंतर घडीबाहेर आलेली नाही, आणि काकूंच्या, म्हणजे आता आईंच्या, लक्षात आहे. दर रविवारी फोनवर विचारतात. दिवाळीच्या पाडव्याला नेसते म्हणून सांगितलंय. त्या म्हणाल्या, "पाडव्याला नेसच, पण मधे भाऊबीजेलाही चालेल," आणि पाडवा झाल्यावर मधे भाऊबीज कशी येईल हे विचारायच्या आत त्यांनी फोन ठेवला.